गावात कोठी, वेशीबाहेर गोदाम

स्वतःच्या शेतातले धान्य स्वतःच्या घरात ठेवणाऱ्याला महाराष्ट्रात कोणत्याही राजवटीने फारसे अडवलेले नाही. दुसऱ्यांचा माल भाडे घेऊन सांभाळण्याचा धंदा सुरू झाला की मात्र ती जागा कोठे असावी, वस्तीपासून किती लांब असावी आणि तिला परवानगी कोणी द्यावी, हे सरकार ठरवू लागते. अशा बंधनांमागे मुख्यतः तीन कारणे दिसतात: आगीची भीती, गर्दी व ओझे, आणि कर. भंडारा जिल्ह्यातील आंबागडचा परिसर, मुंबईचे बंदर आणि भिवंडीची गावे या तीन ठिकाणी या बंधनांचा इतिहास टप्प्याटप्प्याने पाहता येतो.

किल्ल्यावरील साठा

आंबागड हा डोंगरी किल्ला तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या रांगांत आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या वतीने या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या राजाखान पठाणाने तो १७०० च्या सुमारास बांधला, असे मानले जाते. याच बख्त बुलंदने नागपूर शहराची पायाभरणी केली. अठराव्या शतकात देवगडचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले आणि आंबागडही त्यांच्याकडे आला. भोसल्यांनी त्याचा उपयोग तुरुंग म्हणून केला. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले.

डोंगरी किल्ल्यावर शिबंदी ठेवायची म्हणजे तिच्यासाठी पाणी, धान्य आणि दारूगोळा यांचा साठा आधी करावा लागे. वेढा पडला तर किल्ला किती दिवस तग धरणार, हे तटाच्या उंचीइतकेच कोठारावर अवलंबून असे. कोल्हापूरजवळच्या पन्हाळगडावरील अंबरखाना हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वात ठळक उदाहरण. तेथील गंगा, यमुना आणि सरस्वती या धान्यकोठारांच्या दगडी इमारती आजही उभ्या आहेत. धान्य वरच्या झरोक्यांतून आत ओतले जाई. जाड भिंती आणि कमानदार छत यांमुळे आत ओल शिरत नसे.

साठ्याची जागा कोठे असावी, याबद्दलचे लेखी नियमही याच काळात सापडतात. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांवरच्या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ बांधू नये, तो सदरेपासून अंतर राखून असावा, त्याला तळघर असावे आणि ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे त्यात सांगितले आहे. हे मुख्यतः लष्करी सावधगिरीचे नियम होते. तरीही साठा आणि वस्ती यांत अंतर ठेवण्याचे तत्त्व त्यांत आलेले आहे. कोणती वस्तू किती धोक्याची यावरून तिची जागा ठरवायची, ही कल्पना नंतरच्या नगरपालिका कायद्यांनी वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडली.

धानाच्या मुलखातील कोठी

किल्ल्याखालच्या गावांत साठवण घरोघर चाले. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया हा भाग तळ्यांचा आणि धानाचा. येथे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. कापणी झालेल्या धानाचे पुंजणे आधी खळ्याजवळ रचले जाते आणि मळणीनंतर धान घरात येते. घरात बांबूच्या तट्ट्यांची, शेणमातीने लिंपलेली ढोली किंवा मातीची कोठी असे. जमिनीची ओल लागू नये म्हणून ती दगडांवर वा लाकडी पाटांवर उभी करत. धान टरफलासह ठेवले तर तांदळापेक्षा अधिक काळ टिकते, त्यामुळे कांडण लागेल तसेच होई. साठवणुकीचे हे सारे काम घरच्या माणसांकडेच असे.

कोरड्या प्रदेशात हेच काम पेव करी. ज्वारीच्या पट्ट्यात घट्ट मातीत खोल खड्डा खणून, आतून भाजून वा लिंपून, कडब्याचे अस्तर देऊन धान्य पुरून ठेवत. हवा न लागल्याने कीड मरे. पेव कोठे काढायचे हे मातीच्या जातीवर आणि पाण्याच्या पातळीवर ठरे. भंडाऱ्याच्या ओल्या जमिनीत पेव टिकले नसते. येथे साठवणुकीवर पहिले बंधन निसर्गानेच घातलेले होते.

पेवांचे भाड्याच्या साठवणुकीत रूपांतर कसे होते, हे सांगलीजवळच्या हरिपूरने दाखवून दिले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळील या गावची माती हळद पुरून ठेवण्यास विशेष योग्य ठरली. सांगलीच्या बाजारातील हळद व्यापारी हरिपूरच्या पेवांत ठेवू लागले. ती तेथे वर्षानुवर्षे चांगली राही. व्यापारी शहरात, माल गावात आणि पेवाचा मालक तिसराच, अशी ही रचना होती. शहराबाहेर जागा भाड्याने घेऊन माल ठेवण्याची ही देशी पद्धत रेल्वेच्या गोदामांसोबतच नांदली. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि त्यांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर हळदीची साठवण गोदामे व शीतगृहे यांच्याकडे झपाट्याने वळली.

भंडाऱ्यात गावपातळीवर मोठा साठा असे तो मालगुजाराकडे. इंग्रजी अमलात मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत रूढ झाली. मालगुजार सारा गोळा करी आणि अनेकदा बियाण्यासाठी धान उसने देई. हंगामानंतर ते सवाई किंवा दिढी, म्हणजे सव्वापट वा दीडपट परत घेतले जाई. त्यामुळे मालगुजाराची कोठी ही गावची पेढीच बनली होती. ज्याच्याकडे साठवायला जागा होती, त्याच्याकडे पेरणीच्या वेळी धान असे आणि भावही त्याच्या हातात राही. तेव्हा हा भाग ज्यात होता त्या मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ही कोठीही मोडीत निघाली. गावाचा साठा पुढे कोणी व कोठे ठेवायचा, हा प्रश्न सहकारी संस्था आणि शासन यांच्याकडे आला.

रेल्वे, बाजार आणि परवाना

साठवण घरातून बाजारात नेली ती रेल्वेने. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज लाईन १८८० च्या दशकाच्या आरंभी टाकली गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. या मार्गावरचे तुमसर रोड स्थानक आणि जवळचे तुमसर गाव आंबागडच्या परिसरातील धानाची मुख्य बाजारपेठ बनले. पुढे या भागातील मँगनीजच्या खाणींसाठी तुमसर ते तिरोडी हा फाटाही निघाला. गावोगावचे धान बैलगाड्यांनी स्थानकाजवळ यायचे, तेथे भरडले जायचे आणि वाघिणीत भरून बाहेर जायचे. वाघीण मिळेपर्यंत ते कोठेतरी ठेवावे लागे. त्यातून व्यापाऱ्यांच्या वखारी आणि धानगिरण्यांची आवारे उभी राहिली. ती बांधण्यासाठी रुळांजवळची जागा निवडली गेली, आणि वाहतुकीच्या सोईने गोदामाची जागा ठरण्याची ही या मुलखातली सुरुवात होती.

शेजारच्या वऱ्हाडात कापसाच्या व्यापारामुळे बाजाराच्या जागेवर आधीच नियम आले होते. कारंजा येथे १८८६ मध्ये पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. ठरवून दिलेल्या आवारातच खरेदी-विक्री व्हावी, तोलाई आणि दलाली यांचे दर ठरलेले असावेत, असे या कायद्याचे स्वरूप होते. नंतरच्या बाजार समित्यांचा पाया येथे घातला गेला. आवार ठरले की गोदामेही त्या आवाराभोवती जमू लागली.

दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याची जबाबदारी १८७२ च्या भारतीय करार कायद्याने सांगितली होती. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची जशी काळजी घेतो, तशी काळजी त्याने घ्यावी, एवढीच त्या कायद्याची अपेक्षा होती. शेतकऱ्याला गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळायचे तर त्याहून पक्की व्यवस्था हवी होती. त्या हेतूने मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४७ मध्ये शेतमाल गोदामांचा स्वतंत्र कायदा झाला आणि परवानाधारक गोदामाची कल्पना भंडाऱ्याच्या मुलखातही आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. त्यानंतर १९५९ मध्ये मुंबई राज्याचा गोदामविषयक कायदा झाला.

राष्ट्रीय पातळीवर या विषयाला दिशा मिळाली ती अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीच्या १९५४ च्या अहवालाने. ए. डी. गोरवाला तिचे अध्यक्ष होते, तर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सदस्य. हंगामात सगळेच विकायला निघतात आणि भाव पडतो. तो टाळायचा तर शेतकऱ्याला माल ठेवण्याची जागा व त्यावर कर्ज दोन्ही मिळाले पाहिजे, असा या समितीचा आग्रह होता. वखारींविषयीच्या १९५६ च्या केंद्रीय कायद्यानंतर १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि त्याच वर्षी राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आले. बाजारगावे आणि रेल्वे स्थानके यांच्याजवळ वखारी बांधण्याचे धोरण या संस्थांनी पुढे नेले.

मुंबईत हललेला कापूस

साठवणुकीची जागा कायद्याने हलवण्याचा जुना अनुभव मुंबईचा आहे. १८०३ मध्ये कोटातील, म्हणजे तटबंदीच्या आतल्या, वस्तीला मोठी आग लागली आणि दाट घरे व दुकाने भस्मसात झाली. त्यानंतर बरीच वस्ती कोटाबाहेरच्या मैदानाच्या उत्तरेला वसवली गेली. दाट वस्तीत साठा ठेवण्याचा धोका या आगीने कारभाऱ्यांच्या मनावर ठसवला.

कोटाच्या मध्यभागी, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी असलेल्या मोकळ्या मैदानावर तेव्हा कापसाच्या गाठींचे ढीग लागत. रस्ता अडे आणि ठिणगीची भीती कायमची होती. १८३८ मध्ये कुलाब्याला जोडणारा बांधरस्ता तयार झाला आणि १८४४ च्या सुमारास कापसाचा बाजार कुलाब्यात हलवण्यात आला. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव गगनाला भिडले तेव्हा हाच कुलाबा गाठींनी भरून गेला.

शहर दक्षिणेकडे दाटले तसा कुलाबाही कापसाला अपुरा पडला. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या आरंभी माझगाव ते शिवडी या किनाऱ्यावर समुद्रात भर घालून जमीन तयार केली. तेथे रेल्वेने जोडलेली गोदामांची वसाहत वसवली गेली आणि १९२० च्या दशकात कापूस शिवडीला गेला. कापसाचा वायदे बाजारही तेथेच आला. कॉटन ग्रीन हे स्थानकाचे नाव त्याचीच आठवण आहे. सुमारे ८० वर्षांत कापूस कोटातून कुलाब्याला आणि तेथून शिवडीला गेला. दोन्ही वेळा त्याला शहराच्या कडेला नेले आणि दोन्ही वेळा शहर वाढत तेथवर येऊन पोचले.

दरम्यान १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने परवान्याची व्यवस्था घातली. गवत, लाकूड, कापूस यांसारख्या पेट घेणाऱ्या वस्तू आणि दुर्गंधी वा उपद्रव करणारे धंदे यांची यादी कायद्याला जोडलेली आहे. यादीतील वस्तू ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक ठेवायच्या तर आयुक्तांचा परवाना लागतो. स्फोटके आणि पेट्रोलियम यांच्यासाठी केंद्राचे वेगळे कायदे झाले. त्यांत साठ्याचे प्रमाण आणि आजूबाजूच्या इमारतींपासूनचे अंतर यांचे नियम आहेत.

या नियमांची गरज १४ एप्रिल १९४४ रोजी भयंकर रीतीने सिद्ध झाली. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही होत्या. कापसाला लागलेली आग स्फोटकांपर्यंत पोचली. दोन स्फोटांनी गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मरण पावली आणि जवळची गोदामे व त्यांतले धान्य जळाले. न जुळणारा माल एकत्र ठेवला तर काय होते, याचे हे उदाहरण आजही अग्निशमनाच्या प्रशिक्षणात दिले जाते. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सप्ताह या दुर्घटनेतील जवानांच्या स्मरणार्थ पाळला जातो.

आराखड्यातील जागा

परवाना वस्तूचा धोका पाहतो. नगररचना त्याच्या पुढे जाते आणि जमिनीच्या वापराचा विचार करते. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा या विषयावरील देशातील पहिला कायदा. त्यात नगररचना योजनांची तरतूद होती. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे बंधनकारक केले आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने ही चौकट राज्यभर नेली. या अधिनियमाखाली जमिनीचे निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती असे विभाग पडतात आणि प्रत्येक विभागात काय चालेल याची यादी असते.

निवासी विभागात किराणा दुकान चालते. दुकानामागे रोजच्या विक्रीपुरता माल ठेवता येतो. घाऊक व्यापाराची मोठी वखार तेथे बसत नाही. याची दोन व्यावहारिक कारणे आहेत. पहिले वाहतुकीचे. गोदामात माणसे थोडी आणि वाहने मोठी असतात. मालमोटार उभी राहायला, वळायला आणि माल उतरवायला मोकळे आवार लागते. ते नसले की रस्ताच आवार बनतो. मुंबईत मशीद बंदर, दाणाबंदर, काळबादेवी या भागांत हेच झाले होते.

दुसरे कारण ओझ्याचे. इमारतीवर किती भार धरावा याच्या भारतीय मानकानुसार घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो इतका भार धरला जातो. गोदामासाठी तो किमान सुमारे ७५० किलो धरावा लागतो आणि माल जितका उंच रचायचा तितका वाढवावा लागतो. म्हणून घरासाठी बांधलेल्या मजल्यावर पोत्यांची थप्पी लावणे हा केवळ परवानगीचा प्रश्न राहत नाही. त्यात इमारतीच्या जिवाचा प्रश्न असतो.

दक्षिण मुंबईतील घाऊक बाजार बाहेर नेण्याची संधी नवी मुंबईने दिली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीच्या १९६३ च्या राज्य कायद्याखाली मुंबईची बाजार समिती काम करत होती. वाशी येथे तिच्यासाठी गाळे, गोदामे आणि मालमोटारींचे आवार असलेली प्रशस्त बाजारपेठ बांधली गेली. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार हलला. मसाले, धान्य, भाजीपाला आणि फळे हे बाजार १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने गेले. व्यापारी सहजासहजी तयार नव्हते. जुन्या बाजारातील ओळख, गिऱ्हाइकांची सवय आणि हमाल-तोलारांचे संसार या सगळ्यांचा प्रश्न होता. शेवटी जुन्या जागी घाऊक व्यवहारावर बंदी आणि नव्या जागी गाळा, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा बाजार हलला. लोखंड व पोलाद व्यापारासाठी कळंबोलीला अशीच वेगळी बाजारपेठ वसवली गेली.

भिवंडी : जकातीच्या हद्दीबाहेर

आराखड्याने गोदामांना जागा नेमून दिली तरी बाजार कधीकधी स्वतःची जागा शोधतो. भिवंडी हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वात मोठे उदाहरण. मुंबईत येणाऱ्या मालावर मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द अशा नाक्यांवर जकात भरावी लागे. माल शहरात आणून ठेवला तर जकात लगेच भरावी लागे आणि पैसे अडकत. तो हद्दीबाहेर ठेवला तर विक्री होईल तसा थोडा थोडा आत नेता येई. पुणे, नाशिक वा गुजरातकडे जाणाऱ्या मालाला तर मुंबईत शिरण्याचेच कारण नव्हते.

ठाणे आणि भिवंडी यांच्यामधली कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा, माणकोली ही गावे या गणितात नेमकी बसत होती. ती मुंबईच्या जकात हद्दीबाहेर होती आणि भिवंडी शहराच्याही हद्दीबाहेर होती. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, बंदर फार दूर नाही आणि जमीन स्वस्त. भातशेती परवडेनाशी झालेल्या शेतकऱ्याला गोदामाचे भाडे हे बारमाही उत्पन्न होते. पत्र्याच्या शेडपासून सुरुवात झालेली ही वसाहत काही दशकांत देशातील मोठ्या गोदाम केंद्रांपैकी एक बनली.

यातील अनेक बांधकामे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभी राहिली. नगररचना अधिनियमाखालची रीतसर परवानगी त्यांना नव्हती. २००७ मध्ये शासनाने भिवंडी परिसरातील ६० गावांचे अधिसूचित क्षेत्र करून तेथे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. आराखडा आला तेव्हा गोदामे आधीच उभी होती. अरुंद रस्ते, अपुरी अग्निशमन व्यवस्था आणि अनधिकृत बांधकामे यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पाडायचे तर हजारो लोकांचा रोजगार जातो, आणि ठेवायचे तर परवानगी घेऊन बांधणाऱ्यावर अन्याय होतो, या पेचात ही गावे बराच काळ अडकली. ओझ्याचा धोकाही येथे प्रत्यक्ष दिसला. २९ एप्रिल २०२३ रोजी वळ गावात एक इमारत कोसळली. खालच्या मजल्यांवर गोदाम आणि वर राहती घरे अशी तिची रचना होती. दुर्घटनेत ८ जणांचा मृत्यू झाला.

ज्या कराने भिवंडी घडवली तो कर आता उरलेला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. पूर्वी केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात लहान गोदाम ठेवत. ती गरजही गेली. तरी भिवंडीची गोदामे रिकामी झाली नाहीत. लहान गोदामांच्या जागी उंच छताची, भक्कम जमिनीची मोठी गोदामे आली आणि घरपोच ऑनलाइन विक्रीने त्यांना नवा माल दिला. २०१७ मध्येच केंद्राने मालवाहतूक व साठवण क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. कराने निवडलेली जागा कर गेल्यावरही टिकली, कारण तोवर तिथे रस्ते, वाहतूकदार, हमाल आणि ग्राहक यांचे जाळे तयार झाले होते.

धान उत्पादक जिल्ह्याची गोदामे

भंडाऱ्याची अडचण भिवंडीच्या उलट आहे. तेथे गोदामे फार झाली म्हणून नियमांचा प्रश्न आला, तर येथे ती पुरत नाहीत. खरीप हंगामात शासनाच्या वतीने आधारभूत किमतीने धान खरेदी होते. राज्य सहकारी पणन महासंघ खरेदी-विक्री संघ आणि स्थानिक संस्थांमार्फत ती करतो. खरेदी केलेले धान भरडाईसाठी गिरण्यांना दिले जाते. एका क्विंटल धानामागे साधारण ६७ किलो तांदूळ शासनाला परत यावा, असा नियम आहे. खरेदी काही आठवड्यांत होते आणि भरडाई अनेक महिने चालते. मधल्या काळात धान ठेवायला छत लागते. ते कमी पडले की पोती उघड्या आवारात ताडपत्रीखाली राहतात आणि अवकाळी पावसात भिजतात.

या जिल्ह्यात नवे गोदाम बांधणाऱ्याला पहिली गाठ पडते ती जमीन महसूल कायद्याशी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात 'शेतावरील इमारत' या संज्ञेची व्याख्या आहे. त्या जमिनीच्या शेतीसाठी लागणारी अवजारे, खत, चारा आणि तिथले उत्पन्न ठेवण्याची जागा, गुरांचा गोठा आणि कसणाऱ्याचे घर हे सर्व तिच्यात बसते. असे बांधकाम शेतीचाच भाग मानले जाते. त्याच जमिनीवर इतरांचा माल भाड्याने ठेवण्यासाठी गोदाम बांधले तर मात्र तो अकृषिक वापर ठरतो. त्यासाठी अकृषिक आकारणी आणि नगररचनेची परवानगी हे प्रश्न उभे राहतात. गेल्या दशकातील दुरुस्त्यांनी मंजूर आराखड्याच्या क्षेत्रांत ही प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. तरी मूळ भेद कायम आहे. घरची ढोली आणि भाड्याची वखार यांतला जुना फरक कायद्याच्या भाषेत आजही असा नोंदलेला आहे.

या दोन टोकांच्या मधली व्यवस्था म्हणजे बाजार समिती किंवा वखार महामंडळाचे गोदाम. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ मध्ये सुरू झाली. शेतकऱ्याने बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला तर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज माफक व्याजाने मिळते. धानाचाही या योजनेत समावेश आहे. २००७ च्या केंद्रीय गोदाम विकास व नियमन कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीला हस्तांतरणीय दर्जा दिला. एकेकाळी मालगुजाराच्या कोठीमुळे त्याच्या हाती येणारे बळ, म्हणजे भाव येईपर्यंत थांबण्याची ताकद, अशा गोदामातून शेतकऱ्याकडे यावी हा या योजनांचा उद्देश आहे.

घरगुती सामानाची भाड्याची खोली

गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत साठवणुकीचा आणखी एक प्रकार आला. ग्राहक छोटी खोली किंवा कप्पा महिन्याच्या भाड्याने घेतो, त्यात घरचे फर्निचर, पुस्तके, दुकानाचे जास्तीचे सामान ठेवतो आणि कुलूप स्वतःचे लावतो. याला सेल्फ स्टोरेज म्हणतात. अमेरिकेत हा धंदा १९६० च्या दशकात टेक्सासमध्ये आकाराला आला आणि उपनगरांच्या वाढीबरोबर देशभर पसरला. भारतात लहान होत जाणारी घरे, बदल्या आणि इमारतींचा पुनर्विकास यांनी त्याला गिऱ्हाईक मिळवून दिले.

घरची कोठी आणि भाड्याची वखार हा जुना भेद या प्रकाराला सरळ लागू होत नाही. माल ग्राहकाचा, कुलूप ग्राहकाचे आणि जागा मात्र दुसऱ्याची. जागेचा मालक माल मोजून ताब्यात घेत नाही, त्यामुळे १८७२ च्या करार कायद्यातील सांभाळणाऱ्याच्या भूमिकेत तो पूर्णपणे येत नाही. आत नेमके काय ठेवले आहे हे त्याला माहीत नसते. म्हणून भाडेकरारातच ज्वालाग्राही, नाशवंत आणि बेकायदा वस्तूंना मनाई केलेली असते.

अमेरिकी शहरांनी या धंद्यावर घातलेली बंधने आगीच्या भीतीतून आलेली नाहीत. मोठी जागा व्यापूनही सेल्फ स्टोरेजची इमारत मोजक्याच माणसांना काम देते आणि रस्त्यावर बंद भिंत उभी करते, ही तेथील तक्रार. न्यूयॉर्क शहराने डिसेंबर २०१७ मध्ये नियम बदलून ठरावीक औद्योगिक भागांत नव्या सेल्फ स्टोरेजवर मर्यादा घातली. तेथे अशी इमारत बांधायची तर तिच्यात उद्योगासाठी जागा राखावी लागते किंवा विशेष परवानगी घ्यावी लागते. उद्योगांसाठी राखलेल्या जमिनीवर रोजगार टिकावा, हा त्यामागचा विचार होता.

महाराष्ट्रात या प्रकाराकडे साठवणुकीच्या सर्वसाधारण वर्गातूनच पाहिले जाते. राष्ट्रीय इमारत संहितेत साठवणुकीच्या इमारतींचा स्वतंत्र गट आहे. वखारी, शीतगृहे, मालमोटारींची स्थानके आणि शेतावरची कोठारेही त्यात येतात. धोकादायक वस्तूंच्या इमारतींसाठी वेगळा गट आहे. मुंबईची विकास नियंत्रण नियमावली स्वतंत्र आहे. राज्याच्या उरलेल्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू झाली. कोणत्या विभागात, किती रुंद रस्त्यावर आणि किती मोकळी जागा सोडून गोदाम बांधता येईल, हे या नियमावल्या ठरवतात. भाड्याच्या खोल्यांसाठी बहुधा जुने औद्योगिक गाळे आणि शहराच्या कडेची गोदामे वापरली जातात, कारण जमिनीचा विभाग आणि मजल्याची ताकद या दोन्ही कसोट्यांना ती आधीच उतरलेली असतात.